माहेरचं ऊन

मांजरसुंब्याच्या फाट्यावर मी बीडकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी होते. एका हातात स्टीलचा डबा, त्यात मुगाची पातळ, अळणी खिचडी. दुसऱ्या हातात धुवून वाळवलेल्या गाऊनची पिशवी. लेकरांचं तोंड बघायला म्हणून घरी येऊन गेले होते आणि आता परत संभाजीनगरला दवाखान्यात जावेकडं निघाले होते. समोरच्या ढाब्यावर गाणं वाजत होतं, ट्रकवाले चहा ओरपत होते. तेवढ्यात माझे धाकटे दीर दत्ता भाऊजी यांचा फोन आला. "वैनी, कुठवर आलाव?" "मांजरसुंब्याला उभी हाय. गाडीच न्हाई मेली." "मग तितंच थांबा. आमीच यायलोत." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, "सुट्टी दिली का तिला? आधी सांगायचं न्हाई का मला?" ते हळूच म्हणाले, "वैनी, ॲम्बुलन्स करून यायलोत." तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. मी म्हणाले, "आवो, पण मी डबा घेतलाय की तिचा!" भाऊजींनी फोन ठेवला नाही. नुसताच त्यांचा श्वास ऐकू येत राहिला आणि मी त्या फाट्यावर डबा छातीशी धरून मटकन खाली बसले.

माझी जाऊ, दत्ता भाऊजींची बायको मंगल गेली, त्याला आता काही आठवडे झाले. जाऊ म्हटलं की लोकांना भांडणच आठवतं. आम्हीही भांडलो. तिनं घासलेल्या पातेल्याला राख राहायची आणि माझ्या भाकरीला चीर पडायची, यावरून आमची रोज जुंपायची. पण मला सख्खी बहीण नाही, आणि असती तरी ती मंगलसारखी झाली असती का, सांगता येत नाही. मी लिंबागणेशात शिलाई करते. घरी मेंढरं आणि थोडकी कोरडवाहू जमीन. मी मशीनवर बसायची, म्हणून मेंढरांमागं जाणं मंगलच्या वाट्याला आलं. तिला ते आवडायचंही. डोंगराच्या अंगाला कळप घेऊन जायची आणि येताना ओच्यात बोरं नाहीतर रानभाजी असायची. आली की माझ्या मशीनशेजारी टेकून दिवसभराचं सगळं सांगायची, कोणत्या मेंढीनं कुणाच्या तुरीत तोंड घातलं आणि त्या बाबानं काय काय शिव्या दिल्या ते अगदी आवाज काढून. मी हसून हसून टीप वाकडी घालायची आणि वर तिलाच ओरडायची.

गोरी होती मंगल. आमच्या घरात सगळे तव्याच्या बुडासारखे, त्यात ही एकटी उठून दिसायची. तिचं माहेर परळीकडचं, धर्मापुरीचं. दिवाळीला, पंचमीला माहेरी गेली की परत येताना तिचे गाल लालबुंद झालेले असायचे. शेजारणी म्हणायच्या, "माहेर मानवलं गं तुला! गालावर कशी लाली चढलीया." मीसुद्धा म्हणायची. खोटं कशाला सांगू, थोडी जळायचीसुद्धा, कारण मी माहेराहून आले की काळी ठिक्कर पडून यायची. मग पुढच्या आठवड्यात मंगलला ताप यायचा. बोटांची पेरं सुजायची, तोंड आतून सोलून निघायचं, मूठभर केस फणीत यायचे. आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरं वाटायचं आणि ती परत मेंढरांमागं निघायची. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्यांचं ठाम मत की माहेरी कुणाची तरी नजर लागते. मंगलच्या आईचं मत उलटं. पोरगी आपल्या डोळ्यादेखत आजारी पडते, याचा अर्थ सासरी तिला राबवून राबवून वाळवली आणि थकवा माहेरी बाहेर पडतो. एकदा आमच्या अंगणात उभं राहून त्या माउलीनं आत्याबाईंना सुनावलं, "माजी लेक धडधाकट दिलती तुमाला!" दोन्ही विहिणींचं बोलणंच बंद झालं. मंगल मधल्या मधे रडायची. तिचं दुखणं कुणाचंच नव्हतं, दोन्हीकडची नुसती अब्रू होती त्यात.

तिची लेक आरती झाली तेव्हाही तसंच. बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिथं इतकी आजारी पडली, की परळीच्या डॉक्टरांनी आधी बीडला आणि बीडवाल्यांनी संभाजीनगरला धाडलं. तान्हं पोर मांडीवर घेऊन मी तिच्यासोबत होते. कातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान, डोळ्यांखाली काळं, बाहेर रांग ही एवढी. त्यांनी मंगलचा चेहरा उजेडाकडे वळवला, नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेली लाली बघितली आणि विचारलं, "हे कधी वाढतं?" मी चटकन म्हणाले, "माहेरी गेली की." बाईंना वाटलं असेल, ही काय चेष्टा करते. पण त्या रागावल्या नाहीत. मंगललाच म्हणाल्या, "माहेरी तू काय वेगळं करतेस गं?" मंगल विचारात पडली. "काय न्हाई बाई. खाती, बसती, झोपती. आईसंगं अंगणात वाळवण घालती." "आणि सासरी?" "सासरी मेंढरं." "मेंढरांमागे उन्हात?" "व्हय, दिसभर. पर तितं पदर असतोय ना. हितपतूर." तिनं कपाळाच्याही खाली, अगदी नाकाच्या शेंड्याजवळ बोट नेलं. "माहेरी कुठं घेतंय कुणी पदर? माहेरला लेक मोकळ्या डोईनंच फिरती." बाईंनी पेन खाली ठेवलं.

आमच्या घरी पदराची शिस्त कडक. सासरे होते तेव्हा तर नाकाच्या खाली काय ते तोंड दिसायचं. बाहेर गेलं तरी गावची, भावकीची माणसं आडवी येतात, म्हणून रानातही पदर खाली ओढलेलाच. पुढं मी तो पदर घेणं सोडलं. मशीनच्या सुईखाली सारखा पदर येतो असं सांगून सोडलं, पण खरं कारण मला त्याचा संताप यायचा. मंगलनं मात्र कधी सोडला नाही. आणि त्या दिवशी त्या खोलीत कळलं, की तिला इतकी वर्षं त्या फडक्यानं जगवलं होतं! जिथं तिला मोकळं सोडायचे, लाड करायचे, आरामात पडू द्यायचे, तिथंच ऊन तिच्या तोंडावर थेट पडायचं. मला हसावं का रडावं कळेना. आत्याबाईंना घरी येऊन सांगितलं तर त्या माझ्याकडंच बघून म्हणाल्या, "म्या म्हणत व्हते का न्हाई? पदर घ्या, पदर घ्या!" मी म्हणाले, "तुमी तिच्या कातडीसाटी म्हणत व्हता व्हय, आत्याबाई?" 

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस. मग आम्हाला काहीच कळलं नाही हे आमच्या तोंडावरून बघून त्यांनी खुर्ची पुढं ओढली. त्या म्हणाल्या ते मला जसं उमजलं तसं सांगते. आपल्या कातडीत पहाऱ्याला बसलेल्या पेशी असतात. काही घाण, काही जंतू आत आला तर त्या ओळखतात आणि बाकीच्यांना हाक मारतात. उन्हात एक न दिसणारा भाग असतो, अतिनील किरण. त्यानं कातडीच्या वरच्या पेशी रोज थोड्या थोड्या मरतात, माझ्या, तुमच्या, सगळ्यांच्याच. आपले पहारेकरी ती मढी मुकाट उचलून टाकतात, गडबड करत नाहीत. उलट अंगावर ऊन पडलं की ते जरा सुस्तच होतात. मंगलचे मात्र ती मोडतोड बघून बिथरतात. घरात कुणीतरी शिरलं असं समजून अख्खी फौज उठवतात आणि ती फौज घरच्यांनाच मारत सुटते. आधी कातडी, मग सांधे, मग... "किडनीपर्यंत जाऊ द्यायचं नाही," बाई म्हणाल्या, "आपल्याला एवढंच सांभाळायचंय." दत्ता भाऊजी दाराशी उभे होते. ते म्हणाले, "म्हंजी राखणीचं कुत्रंच पिसाळलंय." बाई म्हणाल्या, "हो, तसंच." "मग गोळ्या?" "गोळ्या त्याला झोपवतात." भाऊजींनी विचारलं, "आन कुत्रं झोपलं आन लांडगा आला मंग?" बाईंनी कागदावर आपला फोन नंबर लिहून दिला. मग म्हणाल्या, ताप आला की घरी बसायचं नाही, लगेच इकडं यायचं.

परत येताना गाडीत मंगल खिडकीपासून लांब, माझ्या अंगावर कलंडून बसली होती. खूप वेळानं म्हणाली, "अक्का, मंग माजं माहेर तुटलं का वो?" मी म्हणाले, "कावून तुटंल? पदर घेऊन जायचं. माहेरला डोकं झाकलं म्हणून कोण फासावर देतंय का?" ती हसली. पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. ज्या अंगणात आपण डोकं उघडं टाकून उभ्या राहतो ते आपलं. तिथंही झाकून घ्यायचं, तर मग बाईला आपलं असं उरलं काय?

त्यानंतर आमच्या घरात उन्हाशी उभा दावा सुरू झाला. मेंढरं भाऊजींकडं गेली. मी मंगलला मनगटापर्यंत बाह्यांचे, गळाबंद ब्लाउज शिवले, दाट विणीच्या सुती कापडाचे, आत अस्तर. उन्हाळ्यात ते घालून ती घामानं निथळायची. डॉक्टरांनी दिलेलं मलम तोंडाला फासलं की पांढरीफटक दिसायची. बाया पाण्याच्या टाकीवर म्हणायच्या, "मंगल हिरोईन झाली गं! मेकअप केल्याबिगर भाईर येत न्हाई." ती आधी लाजायची, मग तीही ताठ झाली. "व्हय, शूटिंग हाय माजं," म्हणायची आणि छत्री फिरवत पुढं जायची. गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालं तर लोक म्हणाले बाळसं धरलं. म्हणू दे. मला फक्त तिच्या पायावर बोट दाबून बघायचं असायचं, खड्डा पडतो का. पाय सुजले म्हणजे किडनी, हे मी पाठच करून टाकलं होतं. सकाळी तिनं पाय पुढं केल्याशिवाय मी मशीनला हात लावत नव्हते. काही वर्षं खड्डा पडला नाही. आरती शाळेत जायला लागली. आम्हाला वाटायला लागलं, जमतंय. असंच जमत राहील.

मग यंदाच्या वैशाखात तिच्या एकुलत्या एक भावाचं लग्न निघालं. करवली कोण? मंगलच. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, नीट झाकून जा, दुपारचं बाहेर थांबू नका. मी स्वतः तिच्यासोबत गेले. लांब बाह्यांचा जरीचा ब्लाउज शिवला, शालू त्याला शोभेल असा घेतला, मलम, छत्री, सगळं. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी बघतो तर काय, आभाळ भरून आलेलं! वैशाखात! ऊन नावाला नाही, गार वारा सुटलेला. मांडवातले सगळे खूश. मंगलची आई हात जोडून म्हणाली, "माज्या लेकीसाटी सूर्यनारायणानं तोंड झाकून घेतलं." ती माउली दर आयतवारी लेकीचं अंग बरं व्हावं म्हणून सूर्याला पाणी घालायची. तिला त्या दिवशी देव पावल्यासारखं वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. मंगलनं छत्री खुंटीला अडकवली. घामानं मलम ओघळत होतं, ते तिनं पुसून टाकलं. तिच्या चुलतबहिणीनं तिला आपला छोट्या बाह्यांचा ब्लाउज दिला. डोईवर पदर नाही, केसांत गजरा, हातात करवलीचा करा. दिवसभर ती अंगणात, मांडवाबाहेर, वरातीत नाचली. जुन्या देवळापाशी सगळ्यांचे फोटो काढले, त्यातही ती मधोमध. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. माझ्या कानात ओरडून म्हणाली, "अक्का, वारं लागतंय वो डोक्याला!"

आभाळ भरलेलं असलं तरी ते किरण येतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, ढगाआडूनही येतातच, डोळ्याला ऊन दिसत नाही एवढंच. मी त्यांच्यावर ओरडले, "ऊन न्हवतं वो! थेंबभर ऊन न्हवतं!" जणू ओरडून ते खोटं होणार होतं. रागवायचं कुणावर? बाईंवर? त्या बिचाऱ्या एका दिवसात किती जणांना किती सांगतील. ढगांवर? मंगलवर? एक दिवस, एकच दिवस बाई मोकळ्या डोक्यानं आपल्या अंगणात नाचली, त्याची एवढी शिक्षा कोण देतं? अजूनही कुणी "नशीब" म्हणालं की माझं टाळकं सरकतं. नशीब नव्हतं ते. साधी गोष्ट होती, आणि आम्हाला कळलेली नव्हती.

लग्नाहून आलो आणि चारेक दिवसांत गाल पेटले. मग ताप. एका सकाळी तिनं पाय पुढं केला, मी बोट दाबलं आणि काढलं. खड्डा तसाच राहिला. आम्ही दोघी त्या खड्ड्याकडं बघत बसलो. ती म्हणाली, "येईल की वर, अक्का. थांबा जरा." मी थांबले. तो वर आला नाही... तशीच जीपमधून बीडला, तिथून संभाजीनगरला. तिथं जोराच्या औषधांनी तिची फौज झोपवली, आणि ती झोपली तर छातीत जंतू शिरला. भाऊजी म्हणाले होते तो लांडगा. ते वॉर्डाबाहेर कट्ट्यावर बसून एकसारखे मान हलवत होते. मंगलला बोलताना दम लागायचा. मला शेवटचं म्हणाली, "आरतीला लांब बाह्याचं शिवू नका. तिला उघडं हिंडू द्या." मी म्हणाले, "तूच सांग तिला घरी आल्यावर." आणि लेकरांना बघून येते म्हणून मी निघाले.

तिला अंगणात ठेवलं तेव्हा दुपार होती. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, मळवट भरलेला, तोंड उघडं. आणि वरून ऊन... मला बघवेना हो. इतकी वर्षं जिच्या गालावर कवडसा पडू दिला नाही, तिला भर उन्हात उताणी निजवलेली. मी माझा पदर सोडला, दोन्ही हातांनी ताणला आणि तिच्या तोंडावर धरून उभी राहिले. भावकीतले एक म्हातारबाबा म्हणाले, "पोरी, आता काय ऊन लागतंय तिला?" कुणीतरी मला धरून बाजूला घ्यायला लागलं. तेव्हा आत्याबाई उठल्या. पदराचं दुसरं टोक त्यांनी धरलं, आणि उचलेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

आता आमच्या घरात मधल्या खोलीची खिडकी बंदच असते. तिला पोतं लावलेलं आहे, मंगलसाठी लावलं होतं, कुणी काढत नाही. आरती शाळेतून आली की दप्तर टाकून थेट त्या अंधारात जाऊन बसते. बाहेर जातच नाही. मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, आईला होतं म्हणून पोरीला होईलच असं मुळीच नाही, बहुतेकांना होत नाही, तिला खेळू द्या, ऊन तिचा वैरी नाही. मंगलही तेच सांगून गेली. गेल्या रविवारी मैत्रिणी दारात येऊन ओरडायला लागल्या, "आरते, लंगडी खेळायला ये की!" आरतीनं माझ्याकडं बघितलं. "मोठी आई, जाऊ?" बाहेर अंगण नुसतं तापलेलं. मी मान हलवली. ती पळाली, उघड्या डोक्यानं. मी मशीनवर बसले आणि पायडल एकदाही मारलं नाही.

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती, हसत होती, आणि तिचे दोन्ही गाल लालबुंद होते. मी तिला हाताला धरून मधल्या खोलीत नेलं, पंख्याखाली बसवलं आणि तिच्या गालावर हात ठेवला. गरम होता. थोडा वेळ तिनं सहन केलं. मग म्हणाली, "मोठी आई, किती येळ बघती? सगळ्या पोरींचे झाल्ते की लाल."

"उतरू दे," मी म्हणाले. "उतरू दे जरा. मंग जा."